पेशीच जेव्हा औषध होते

भद्रावतीसह चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार परिचित आहे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकातील एकच अक्षर बदलल्यामुळे तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला तीव्र वेदना होतात.

२०१३ मध्ये स्थापन झालेल्या क्रिस्पर थेरप्युटिक्स या नवउद्योगाने व्हर्टेक्स कंपनीसह यावर जनुकसंपादनाचा, म्हणजे जनुकात नेमक्या जागी काट मारण्याचा, उपचार विकसित केला. त्यात रुग्णाच्याच रक्तनिर्मात्या मूलपेशी बाहेर काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडणारी जनुकीय कळ निकामी केली जाते आणि केमोथेरपीने अस्थिमज्जेत जागा करून त्या पेशी परत सोडल्या जातात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली.

पेशीलाच औषध बनवण्याचे हे तत्त्व कर्करोगातही वापरले जाते. आयआयटी मुंबईतून उभ्या राहिलेल्या इम्युनोॲक्टने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने घडवलेल्या ‘नेक्सकार१९’मध्ये रुग्णाच्या टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना, कर्करोगग्रस्त बी-पेशींवरील सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेला हा उपचार परदेशी उपचारांहून कितीतरी स्वस्त असला, तरी सामान्य कुटुंबाला अजून जडच आहे.

असे उपचार इतके महाग असल्यानेच सिकलसेलच्या बाबतीत विद्राव्यता चाचणीचे मोल आजही मोठे आहे: थेंबभर रक्ताने नळीतील द्रावण गढूळ होऊन मागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, की पुढील तपासणीची आणि विवाहपूर्व समुपदेशनाची दिशा ठरते.