आधीं पेन्सिल, मग कॅमेरा

१९२० च्या सुमारास मॉस्कोंत लेव्ह कुलेशॉव्ह चित्रपटकला शिकवीत, तेव्हां कोऱ्या फिल्मची इतकी टंचाई होती कीं, विद्यार्थ्यांनीं फिल्मशिवायच प्रसंग बसविले. आज खिशांतला फोन हवें तितकें चित्रण करतो. म्हणूनच विद्यार्थ्याच्या हातीं प्रथम पेन्सिल द्यावी. मुलगा पत्र घेऊन घरीं येतो, आई तें वाचते. एवढ्याच प्रसंगाच्या सहा चौकटी काढावयास सांगाव्या. सत्यजित राय यांनीं ‘पथेर पांचाली’चे (१९५५) प्रसंग आधीं वहींत रेखाटले होते, पण ते मुळांत चित्रकार! येथें ओबडधोबड आकृत्या पुरेत. पाहावयाचें तें निराळेंच. मुलगा चौकटीच्या उजवीकडून बाहेर पडला, तर पुढच्या चौकटींत डावीकडून यावा. नाहींतर तो माघारीं फिरल्यासारखा वाटतो. आई व मुलगा यांना जोडणारी एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा. ती ओलांडली कीं, समोरासमोर उभीं असलेलीं दोघें पडद्यावर एकाच दिशेस पाहतांना दिसतात. मग हीं चित्रें भिंतीवर लावून दुसऱ्याच विद्यार्थ्यास गोष्ट सांगावयास लावावी. पत्रांत वाईट बातमी आहे हें त्याला उमगलें नाहीं, तर आईच्या मुद्रेची चौकट राहिली असें समजावें. ती काढल्यावरच कॅमेरा हातीं द्यावा.