शिवनेरी, नाणेघाट आणि पंचेचाळीस मीटरची थाळी

छोट्या दोस्तांनो, सहल म्हटलं की काय आठवतं? खिडकीची जागा, गाण्याच्या भेंड्या आणि डब्यातली दशमी-चटणी! आमच्या चौथीच्या वर्गाची दोन दिवसांची सहल अशीच निघाली. शनिवारी पहाटे एसटीची लाल गाडी पुण्यातून सुटली. चाकण मागे पडलं, राजगुरुनगर आलं. याचं जुनं नाव खेड. हुतात्मा राजगुरूंचं हे जन्मगाव. मग मंचर, नारायणगाव आणि जुन्नर.

शिवनेरी तर पुस्तकातलाच! १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म इथे झाला. सात दरवाज्यांची वाट चढताना पाय बोलू लागतात. पण जन्मस्थानातला पाळणा पाहताना एरवी कलकलाट करणारी मंडळी आपोआप गप्प झाली.

खरी गंमत रविवारी, नाणेघाटात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच घाटाने जुन्नर, पैठणकडे जाई. जकातीची नाणी टाकायचा म्हणतात तो दगडी रांजण अजून आहे. जवळच्या लेण्यात, डाव्या-उजव्या भिंतींवर, नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कुठल्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली याचा चक्क हिशेब! त्यात आकडे आहेत, पण शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. "बाई, मग हातचा कसा घ्यायचा?" एकीने विचारलं. आहे की नाही प्रश्न!

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. वर कोरलेल्या नावांवरून कोण कुठे होतं ते कळतं.

"आणि ही नावं कुणाची?" कुणीतरी बोट दाखवलं. ती हल्लीची होती, खिळ्याने ओरखडलेली. मी सांगितलं, ज्या अक्षरावरून खिळा फिरला ते अक्षर पुन्हा कुणालाच वाचता येणार नाही. हे लेणं कायद्याने संरक्षित आहे, हेही सांगितलं. कुणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर एकाने खिशातला खडू गुपचूप माझ्या हातात ठेवला.

परतताना नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला वळलो. शेतांच्या मधोमध प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या! ही जीएमआरटी दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. एकूण ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. लहरी इतक्या क्षीण असतात की जवळच्या मोबाईलचाही त्यात गोंधळ होतो. म्हणून आवारात तो बंद ठेवावा लागतो. आत जायला आधी परवानगी लागते, तेव्हा आम्ही रस्त्यावरूनच पाहिल्या.

"पण थाळीला तर भोकं आहेत!" बरोबर. ती तारेची जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. रेडिओ लहरी मात्र लांब असतात, त्यांना जाळी भिंतीसारखीच वाटते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, इथे मोठं प्रदर्शन भरतं. आईबाबांना आत्ताच सांगून ठेवा!