नाडी आणि आदोळी

घड्याळाच्या पाठीला लुकलुकणारा हिरवा दिवा शोभेचा नसतो. रक्त हिरवा उजेड शोषतं. ठोका पडला की कातडीखालचं रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा उजेड तेवढा कमी होतो. हा फरक एकूण उजेडाच्या जेमतेम एखाद-दोन टक्के. सेकंदाला पंचवीस ते शंभर वेळा तो मोजायचा आणि त्यातून हृदयाचे ठोके निवडून काढायचे, हे माझं काम. लोकांना वाटतं, हा दिवसभर 'एआय' करतो. माझा बराचसा वेळ मात्र आलेखापुढे बसून हे टेकाड हृदयाचं की हाताचं, एवढं ठरवण्यात जातो.

धावणारे, सायकल चालवणारे, ट्रेडमिलवर घाम गाळणारे यांची माहिती या धंद्यात रग्गड आहे. आदोळीवर, म्हणजे नारळ खोवायच्या विळीवर, बसलेल्या बाईची नाही. म्हणून गोव्यात, डिचोलीत शेजारच्या मामीला विनवलं. मनगटाला घड्याळ, छातीला पट्टा. पट्टा हृदयाची विद्युतलहर पकडतो, म्हणून खरं-खोटं त्याच्याशी ताडून बघायचं. मामी नारळ खोवायला बसली. पट्टा सांगत होता ८४, घड्याळ १२०. वाटी पात्यावर सेकंदाला साधारण दोनदा फिरते, म्हणजे मिनिटाला १२० वेळा. घड्याळाने नाडी सोडून नारळ मोजला होता. मामीने आकडा पाहिला आणि म्हणाली, "बसल्या जागी मला धाप लागली म्हणतो काय रे हा?"

यावर उपाय आहे. घड्याळात हालचाल टिपणारा दुसरा संवेदक असतो. हाताची लय त्याच्याकडून समजते. ती उजेडाच्या लहरीतून वजा केली की खाली नाडी उरते. मामीच्या बाबतीत हे झकास जमलं.

पेडण्यातल्या काजूच्या बागेत गोष्ट उलटी. बोंडं पायांनी तुडवणाऱ्याचे पाय सारखे चालतात, पण हात आधाराला धरलेला असतो. नाडी स्वच्छ येते. पावलं मात्र जवळपास शून्य, आणि संध्याकाळी घड्याळ त्या घामाघूम माणसाला थोडं चालून येण्याचा सल्ला देतं!

खरी पंचाईत शिगम्यात, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणात. डिचोली-सत्तरीकडच्या घोडेमोडणीच्या नाचात कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, पायांत घुंगरू आणि पुढे ढोल-ताशे. नाचणाऱ्याची लय १३० आणि दमलेलं हृदयही १३०च्या आसपास. आलेखात दोन टेकाडं एकमेकांवर बसतात. हात वजा करायला जावं तर हृदयही पुसलं जातं. इथे कितीही हुशार गणित आणा, माहितीतच नसलेलं वेगळेपण ते कुठून काढणार?

या कामात मला जपानी अभियंते ताकुओ आओयागी नेहमी आठवतात. रक्तात रंग सोडून हृदयाचा प्रवाह मोजण्याच्या प्रयोगात नाडीची थरथर त्यांना अडथळा वाटत होती. तो अडथळा काढता काढता त्यातूनच रक्तातला ऑक्सिजन मोजता येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं. कोविडात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचं तत्त्व ते हेच, १९७४ सालचं. त्या यंत्राचीही खोट आहे. काळ्या कातडीच्या रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता त्याच्या नजरेतून जास्त वेळा निसटते, हे २०२०च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. उन्हात रापलेल्या मनगटांवर काम करणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

घोडेमोडणीच्या त्या मिनिटांत घड्याळाने आकडाच दाखवू नये, असं माझं मत. विक्री बघणाऱ्यांना कोरी जागा खपत नाही. गिऱ्हाइकाला घड्याळ बिघडलं असं वाटतं म्हणे. वाटू दे. चुकीच्या १३०ने घाबरून कुणी दवाखान्यात धावण्यापेक्षा, किंवा खरा १७० दडपला जाण्यापेक्षा, दोन आडव्या रेघा परवडल्या.

येत्या शिगम्याला ढोलवाल्यांनाही घड्याळं बांधायची आहेत. मेळातल्या जाणत्या काकांनी परवानगी दिली, अट एकच: पेहरावात ते दिसता कामा नये, बाहीखाली राहिलं पाहिजे. मला तर तेच हवं होतं. बाही असली की बाहेरचं ऊन संवेदकात शिरत नाही.