पुली एक, तुकडे तीन

एक वस्तू कशाला म्हणायचं, यावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो. क्रँकशाफ्टच्या टोकाची डँपर पुली घ्या. दिसते एकसंध, पण आत हब, बाहेर जड कडं आणि मध्ये रबराचा थर. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला धक्का बसतो, शाफ्ट किंचित पिळवटतो आणि उलगडतो. ती थरथर कडं आणि रबर मिळून जिरवतात.

रबर म्हातारं झालं (आमच्यासारखंच म्हणा!) की कडं हबवर सरकतं. पट्टा फिरतो, गाडी चालते. पण टायमिंगची खूण कड्यावर असेल तर ती आता खोटं सांगते. म्हणून हबपासून कड्यापर्यंत रंगाची सरळ रेघ मारून गाडी चालवावी. रेघ तुटली, तर पुली बदलायची.

पुलर हबला लावायचा. कडं ओढलं तर रबर फाटतं. हातोडा तर नकोच. मागचं ऑइल सीलही बघून घ्यावं. आणि बोल्ट! काही इंजिनांत शाफ्टच्या खाचेत चावी नसते, टायमिंगचं दातेरी चाक केवळ याच बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. तिथे तो सोडण्याआधी शाफ्ट लॉक करायचा, बोल्ट नवा घालायचा, मॅन्युअलमधल्या मापानेच आवळायचा. सैल राहिला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.