जुनं आउटबोर्ड भर पाण्यात गळाठतंय? कार्ब्युरेटर उघडायच्या आधी हे बघा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि आमच्या वाडीत ठरलेली तक्रार सुरू होते. "चालू तर लगेच होतं रे, पण वेग दिला की बसतं." घरच्या होडीचं दोन-स्ट्रोक इंजिन गेली कित्येक वर्षं मीच उघडतो, त्यामुळे शेजारपाजारची इंजिनंही बघायला येतात. बहुतेकांनी तोवर पाना घेऊन कार्ब्युरेटर खोललेला असतो. आणि खूपदा दोष तिथे नसतोच.

पेट्रोल टाकीतून निघून नळी, रबरी बल्ब, इंजिनाचं कनेक्टर, फिल्टर आणि पंप असा प्रवास करत सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरला पोचतं. म्हणून तपासही टाकीकडून सुरू करायचा. सोपं आणि फुकटचं आधी, नाजूक काम शेवटी.

"थोडं कमी ओढतंय, चालवू तसंच" असं का म्हणू नये

दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पोचलं तर ताकद तर घटतेच, शिवाय पिस्टनला ऑइलही कमी मिळतं, आणि हवा जास्त झाल्याने सिलिंडर जास्त तापतो. मेकॅनिक याला इंजिन 'लीन' चालतंय म्हणतात. अशा अवस्थेत फुल वेगाने दामटलं की पिस्टन सिलिंडरला धरतो. पाचपन्नास रुपयांच्या ओ-रिंगपायी अख्खं इंजिन उघडायची वेळ येते. आणि हे ओहोटीला, खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना झालं, तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही. वल्ही होडीत असलीच पाहिजेत, तपासणीच्या फेरीला तर नक्कीच.

दोष इंधनाचाच आहे का?

इंजिन गळाठत असताना चोक क्षणभर अर्धा ओढा. जोर आला तर पेट्रोल कमी पोचतंय हे नक्की, कारण चोक हवा अडवून मिश्रण घट्ट करतो. काहीच फरक पडला नाही किंवा आणखी बिघडलं, तर प्लग, स्पार्क आणि कॉम्प्रेशनकडे बघा.

दुसरी चाचणी बल्बची. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने वेग पडायला लागताच बल्ब दाबत राहायचं. दाबल्यावर इंजिन सावरलं, तर पंप कमजोर आहे किंवा पंपाच्या मागे कुठेतरी पेट्रोल अडतंय. बल्बने काही होत नाही पण चोकने होतं, तर मात्र कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर संशय घ्या. या दोन चाचण्यांनी निम्मं काम होतं, आणि पाना हातात घ्यावा लागत नाही.

टाकी आणि नळी

टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला की पेट्रोल संपत जातं तशी टाकीत हवेची पोकळी होते आणि पंपाला ओढता येत नाही. लक्षण ठरलेलं: दहा-पंधरा मिनिटं छान चालतं, मग मरतं, थोडा वेळ थांबलं की परत चालू. शेजारच्या एका काकांनी या दुखण्यासाठी दोन प्लग आणि एक फिल्टर बदलला होता. शेवटी झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज झाला आणि इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं. स्क्रू उघडा असला तरी खाऱ्याने त्याचं भोक बुजतं, तेही बघा. टाकीच्या तळाशी पोचणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी असते, तिथे कचरा साठतो.

आता बल्ब. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. भरताना बाणाचं टोक वर करून उभा धरा, आतले व्हॉल्व नीट बसतात. चार-सहा दाबांत तो कडक व्हायला हवा. कडक होतच नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय, बल्बचा व्हॉल्व गेलाय, किंवा कार्ब्युरेटरची नीडल बसत नसल्याने पेट्रोल वाहून जातंय. या शेवटच्या प्रकारात इंजिनापाशी पेट्रोलचा वास येतो, मग ते पुसून वास जाईपर्यंत स्टार्टर ओढू नका. इंजिन चालताना बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे.

हवा शिरत असेल तर ती दिसत नाही, कारण तिथून पेट्रोल गळतंच असं नाही. युक्ती अशी की इंजिनाजवळ वीतभर पारदर्शक पेट्रोल-नळी तात्पुरती जोडायची. बुडबुडे धावताना दिसले की एकेक जोड तपासत मागे जा. सगळ्यात जास्त वेळा कनेक्टरमधली ओ-रिंग सापडते.

पेट्रोल बदललंय, इंजिन जुनंच आहे

२०२३ च्या फेब्रुवारीत देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली. जुनी रबरी नळी, बल्ब आणि डायफ्राम यांच्यासाठी बनलेले नव्हते. रबर आतून फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी नळी आत बंद होते. त्यात इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेत थोडं जास्त प्रमाण लागतं आणि कार्ब्युरेटरला ते कळायचा मार्ग नसतो. म्हणजे काठावर चालणारं इंजिन आणखी लीन होतं.

मोठा धोका पाण्याचा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. १० टक्के मिश्रणात लिटरमागे साधारण ५ मिलि पाणी विरघळून राहतं, २० टक्क्यांत त्याहून अधिक. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, पेट्रोल वर राहतं. ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं आणि टाकीची नळी मात्र तळातून ओढते! इंजिनाला तेव्हा जे मिळतं त्यात वंगण जवळजवळ नसतंच.

तपासायला काचेची बरणी घ्या. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू काढून त्यातलं पेट्रोल बरणीत घ्या, टाकीच्या तळातलंही थोडं घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पेट्रोल इंजिनाच्या कामाचं नाही. हलवून किंवा वर ताजं ओतून ते सुधारत नाही. खाडीत ओतू मात्र नका.

पंप आणि मग कार्ब्युरेटर

लहान इंजिनांत पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. आतला डायफ्राम ताठर झाला की पंप कमी देतो. त्याला बारीक छिद्र पडलं तर उलट होतं: पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं, धूर वाढतो आणि प्लग ओले होतात. डायफ्राम आणि गॅस्केटचा संच स्वस्त असतो, वय माहीत नसेल तर बदलूनच टाका.

कार्ब्युरेटरची वेळ आता आली. संथ वेगात शिंकतं आणि वेगात बरं चालतं, तर पायलट जेट. संथ बरं, वेगात बसतं, तर मेन जेट. दोन महिने उभ्या पेट्रोलचा डिंक या बारीक भोकांत जमतो. स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा. जेट पितळेचे असतात, तारेने भोक मोठं होतं. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू घरातच असते: गळाचा बारीक तंगूस. क्लीनर मारा, तंगूस फिरवा, आणि भोकातून उजेडाकडे बघा. ते गोल दिसलं पाहिजे.

चाचणी घरी घेत असाल तर पाण्याच्या पिंपात, गिअर न्यूट्रलला आणि पाणी ओढायच्या जाळीच्या बरंच वर येईल इतकं भरून. कोरडं चालवलं तर इम्पेलर जातो.

नवं पेट्रोल मिसळताना ऑइल मोजून घाला. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि, २५:१ म्हणजे ४०. तुमच्या इंजिनाला कोणतं लागतं ते त्याच्या पुस्तिकेत असतं. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं घ्या, स्कूटरचं नको. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असतं. आणि पुढच्या मे अखेरीस होडी वर ओढताना वाटीचा स्क्रू काढून पेट्रोल काढून टाका. टाकीतलं उरलेलं, स्वच्छ असेल तर, तेव्हाच दुसऱ्या कुणाच्या दोन-स्ट्रोक पंपात वापरून संपवा.