चौशिंगा सातपुड्याचा, चिंकारा माळाचा

वजन साधारण वीस किलो, खांद्यापाशी उंची दोन फुटांच्या आसपास. नुसती मापे पाहिली तर चौशिंगा आणि चिंकारा सख्खे भाऊ वाटावेत. दोघेही कुरंग, सांबर-चितळांसारखी त्यांची शिंगे झडत नाहीत, जन्मभर डोक्यावर राहतात. पण नात्याने चौशिंगा जवळचा आहे तो आपल्या हरभऱ्यात घुसणाऱ्या धिप्पाड नीलगायीला. चिंकाऱ्याचा गोतावळा काळविटाचा.

चौशिंगा सातपुड्याच्या पानझडी रानातला. साग, सालई, अंजनाच्या झाडीत, उंच गवताच्या आडोशाने तो एकटा किंवा जोडीने वावरतो. चार शिंगे नेमाने येणारा रानटी प्राणी जगात हाच, आणि तीही फक्त नराला. मागची जोडी बोटभर लांबीची. पुढची उशिरा उगवते आणि काहींच्या कपाळावर जेमतेम टेंगळाएवढीच राहते. धोका जाणवला की तो आधी जागीच थिजतो. पाण्यावाचून त्याचे भागत नाही, म्हणून उन्हाळ्यात नाल्यातले डोह आटले की त्याचा मुलूखही आक्रसतो. लेंड्या मात्र पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी टाकतो. प्राणी दिसला नाही तरी जाणत्याला त्या ढिगावरून त्याचा पत्ता लागतो.

चिंकाऱ्याचा भरवसा लपण्यावर नाही, नजरेवर आणि पायांवर आहे. त्याला बोरी-बाभळीचा विरळ माळ हवा, दूरवरचे दिसले पाहिजे. नराची शिंगे लांब, वळ्यावळ्यांची. मादीलाही असतात, बारीक आणि आखूड. पाला आणि दव यांवर तो पाण्याविना कितीतरी दिवस काढतो. कर्नल साइक्सने १८३१ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले, ते दख्खनमध्येच.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोघांनाही सर्वोच्च संरक्षण दिले आहे. तरी माझी काळजी चिंकाऱ्यासाठी अधिक आहे. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत चौशिंगा 'असुरक्षित' आणि चिंकारा तेवढा संकटात नाही, हे खरे. पण चौशिंग्याचे रान निदान रान म्हणून ओळखले जाते. माळ मात्र पडीक समजला जातो. तिथे खड्डे खणून दाट झाडे लावली की चांगले काम झाल्याचे समाधान मिळते आणि चिंकाऱ्याची धावण्याची जागा जाते. चौशिंग्यासाठी पाणवठा राखावा, चिंकाऱ्यासाठी माळ मोकळा सोडावा. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य झाले, ते अशाच गवताळ माळावर, चिंकाऱ्यासाठी. खानदेशातल्या माळांकडेही आपण त्या नजरेने पाहायला हवे.