खेळण्यांतील आगगाडीचें एंजिन कां अडतें?

सटाण्याच्या मुलास आगगाडी पाहावयाची असेल तर मनमाड किंवा नाशिकरोड गांठावें लागतें. तरीहि, किंवा कदाचित् म्हणूनच, आगगाडीचें वेड येथील मुलांस कमी नाहीं. नाताळांत किंवा वाढदिवसास एखाद्या मामाकडून रुळांसह विजेवर चालणारी छोटी आगगाडी घरीं येते. पहिले कांहीं दिवस ती सुरळीत धांवते. पुढें ती धक्के देऊं लागते, वळणावर थांबते, बोटानें ढकलली कीं चार वीत जाते व पुन्हां उभी राहते. मग 'मोटार जळली' असा निकाल होऊन ती पेटींत पडते. हा निकाल पुष्कळदां पुराव्यावांचून दिलेला असतो. तो तपासून कसा पाहावा, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम तें एंजिन चालतें कसें हें पाहूं. या गाड्यांचीं अनेक प्रमाणें आहेत. त्यांपैकीं अतिशय रूढ असें प्रमाण १:८७ होय. त्यांत दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. (पुण्यास कोथरूड येथें भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. सहलीस जाणाऱ्यांनीं तें अवश्य पाहावें.) साध्या पद्धतींत अशा गाडीस सुमारें १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युत्प्रवाह देतात. तो एका रुळांतून त्या बाजूच्या चाकांत, चाकांतून त्यांस टेकलेल्या धातूच्या पातळ पट्टींत व तेथून तारेनें मोटारींत जातो; आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळांत परत येतो. मोटारीच्या दांड्यावरील मळसूत्र दंतचक्रांस फिरवितें व दंतचक्रें चाकांस फिरवितात. प्रवाहाची दिशा बदलली कीं गाडी उलट चालते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यास भारतांतील पहिली विजेची गाडी धांवली, तीहि एकदिश प्रवाहावरच. मात्र तो १५०० व्होल्टचा होता, डोक्यावरील तारेंतून मिळे व रुळांवाटे परत जाई. खेळणें आणि खरी गाडी यांचें तत्त्व असें एकच आहे.

ही एक साखळी झाली. तिची कोणतीहि एक कडी निसटली तरी एंजिन थांबतें, परंतु बाहेरून सर्व दोष सारखेच दिसतात. यास्तव कड्या क्रमानें तपासाव्या व एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम केल्या आणि गाडी चालली, तर कशानें चालली हें कळत नाहीं.

आरंभींच एक इशारा देतों. रूळ किंवा एंजिन घरांतील २३० व्होल्टच्या विजेस कधींहि जोडूं नये. त्यांत जिवास धोका आहे. गाडीबरोबर आलेला ट्रान्सफॉर्मरच वापरावा, तो उघडूं नये, आणि साफसफाईपूर्वीं त्याचा प्लग काढून ठेवावा.

पहिला प्रश्न असा: गाडी कोठें थांबते? ती प्रत्येक फेरीस त्याच जागीं थांबत असेल तर दोष बहुधा रुळांत आहे. ती वाटेल तेथें थांबत असेल तर रूळ व चाकें दोन्ही मळलीं असण्याचा संभव आहे. दुसरें एंजिन मिळाल्यास तें त्याच रुळांवर चालवून पाहावें. तेंहि अडलें तर पहिलें एंजिन निर्दोष ठरण्याची आशा वाढते.

रुळांवर काळसर थर सांचतो. तेलाचा अंश, बारीक ठिणग्या आणि धूळ यांपासून तो बनतो. आणि चैत्र-वैशाखांत आपल्याकडे धुळीस तोटा नसतो. औषधांच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या सुती कापडावर घेऊन रूळ पुसावे. कापड काळें येईनासें होईपर्यंत पुसणें चालू ठेवावें. हा द्रव पेट घेणारा आहे, म्हणून खिडकी उघडी असावी, जवळ दिवा किंवा चूल नसावी, व रूळ पूर्ण वाळल्यावरच प्रवाह सोडावा. कांचकागद वापरूं नये. त्याच्या ओरखड्यांत मळ अधिकच धरतो. जोडतारेजवळ गाडी वेगानें व दूर गेल्यावर मंद चालत असेल, तर रुळांच्या जोडपट्ट्या सैल आहेत असें समजावें व त्या पकडीनें हलकेच आवळाव्या.

आतां एंजिन उलटें करून मऊ फडक्यावर ठेवावें. चाकांवरील काळी पुटें कापसाच्या काडीनें, तोच द्रव लावून, काढावीं. पकड यावी म्हणून कांहीं चाकांस रबराचें कडें असतें. त्यांतून वीज जात नाहीं, म्हणून तें घासण्याची गरज नाहीं. प्रत्येक धातूची पट्टी आपल्या चाकास टेकते कीं नाहीं हें पाहावें. टेकत नसल्यास चिमट्यानें अगदीं किंचित् वांकवावी. फार दाबली तर तीच ब्रेकचें काम करील. आंसांभोवतीं केस व सतरंजीचे धागे गुंडाळलेले असतात, तेहि काढावे.

इतकें करूनहि एंजिन अडलें तर कानांचा उपयोग करावा. मोटार गुणगुणते पण फिरत नाहीं, तर दंतचक्रांत कांहीं अडकलें आहे किंवा जुनें वंगण गोठलें आहे. मोटार फिरते पण चाकें फिरत नाहींत, तर एखादें दंतचक्र तडकून आंसावर सैल झालें असावें. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदांच धक्का बसतो, तर दांता तुटला आहे. अथवा वाफेच्या एंजिनाची प्रतिकृति असल्यास एका बाजूचें चाक आंसावर सरकलें आहे. दोन्ही बाजूंच्या दांड्या एकमेकींशीं ९० अंशांनीं बसविलेल्या असतात; तें अंतर चुकलें कीं त्या परस्परांस अडवितात.

तेल देतांना सुईच्या टोंकावर राहील एवढाच थेंब द्यावा. खाण्याचें तेल घालूं नये, कारण तें पुढें चिकट होतें. मोटारीच्या कम्यूटेटरवर किंवा रुळांवर तेल पडूं देऊं नये. कम्यूटेटरवर टेकणारे कार्बनचे ब्रश झिजले असल्यास बदलावे. जळका वास आला तर तत्काळ प्रवाह बंद करावा. खऱ्या एंजिनांच्या मोटारींचीहि अशीच तपासणी व दुरुस्ती रेल्वेच्या नाशिकरोड येथील कारखान्यांत होते. हल्लीं कांहीं गाड्या संगणकी संकेतांवर चालतात. त्यांच्या रुळांवर साधें एंजिन उभें करूं नये, तें तापून जळण्याचा संभव असतो.

मोटारीची पाळी आम्हीं शेवटीं ठेविली आहे. याचें कारण असें कीं, ती बदलणें सर्वांत महाग, आणि रूळ पुसणें सर्वांत स्वस्त. लोक मात्र आरंभ मोटारीपासून करितात. शिक्षक या नात्यानें आम्हांस येथें दुसरीहि एक गोष्ट आठवते. वर्गांत मागें पडणाऱ्या मुलाविषयीं 'याचें डोकेंच चालत नाहीं' असा निकाल घरीं व शाळेंतहि झटकन् दिला जातो. त्यास फळ्यावरील अक्षर दिसतें काय, ऐकूं येतें काय, तो पोटभर जेवून व पुरेसा झोंपून येतो काय, घरच्या बोलीहून पुस्तकाची भाषा त्यास परकी वाटते काय, हे प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. यंत्र पेटींत टाकलें तर पैशाचें नुकसान होतें. मूल बाजूस टाकलें तर जें नुकसान होतें तें भरून येत नाहीं.

ज्यांच्या घरीं अशी गाडी पेटींत पडली असेल त्यांनीं ती सुटींत बाहेर काढावी, एक वही जवळ ठेवावी, आणि काय बदललें व त्याचा काय परिणाम झाला हें ओळीनें लिहीत जावें. गाडी चालूं लागली तर उत्तमच. न चालली तरी दोष कोठें नाहीं हें त्या वहींत निश्चित लिहिलेलें असेल, आणि दुरुस्तीचें अर्धें काम तेवढ्यानेंच झालेलें असतें.